बेंबीच्या वर, बेंबीच्या खाली

आंजीहून वर्ध्याला जाणाऱ्या बसमध्ये कॉलेजच्या एका मुलीनं उठून मला जागा दिली. "बसा काकू, अशा टायमाले उभं नका राहू," ती म्हणाली. मी त्रेचाळीस वर्षांची, माझ्या जुळ्या मुली बारावीत. नाही म्हणावं तर अख्ख्या बसला खुलासा करावा लागला असता, म्हणून बसले. शेजारच्या बाईनं आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "सातवा." मग वर्धा येईपर्यंत तिनं मला काय खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं सांगितलं. उतरताना माझी पिशवीसुद्धा धरली.

घरी हा किस्सा मी नक्कल करून सांगितला. मुली हसल्या, हे हसले, माझी धाकटी जाऊ वर्षा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मी न्हाणीत गेले, बादलीवरचा नळ मोठा सोडला आणि रडले. रडतानासुद्धा एकीकडे कपडे भिजवत होते. मला नुसतं बसून काही करता येत नाही, रडताही येत नाही.

हे लिहिते आहे कारण माझ्यावर वेळ आली तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. मोबाइलवर दिसणाऱ्या बाया गुळगुळीत, त्यांचे पलंग पांढरेशुभ्र, त्यांच्या घरात बहुतेक कोणी जेवतही नसावं. माझ्यासारख्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईनं काय ठरवायचं, हे त्या सांगत नव्हत्या.

आधीचं पोट

जुळ्यांच्या वेळी माझं पोट इतकं पुढे आलं होतं की मला माझे पाय शेवटचे तीन महिने दिसले नाहीत. सिझर झालं, मुली घरी आल्या, पोट मात्र परत गेलं नाही. बाळंतिणीचं पोट असंच असतं, उतरेल, असं सगळे म्हणाले. सतरा वर्षं मी ते उतरायची वाट पाहिली.

त्या पोटाची खाली एक घडी पडत असे. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्या घडीत घाम साचायचा, कातडी लाल व्हायची, मग फाटायची. पावडर झाली, मलम झालं, मऊ सुती कापड ठेवून झालं. वास यायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्या बाईला हे आहे तिला कळू दे की ती एकटी नाही. बाजारात गिऱ्हाईक जवळ आलं की मी अर्धं पाऊल मागे सरकायची.

आमची भाजीची वाडी आहे. वांगी, भेंडी, मिरची आणि बांधाच्या कडेनं सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. मिरची तोडताना आम्ही बाया कंबरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतो. एका हातानं झाड धरायचं, दुसऱ्या हातानं तोडायचं आणि माल पोटावरच्या ओटीत टाकत पुढे सरकायचं. ओटी भरली की ओझं होतं, तरी ती घट्ट बांधलेली असताना मला बरं वाटायचं. सोडली की पोट खाली यायचं आणि पाठ सुरू व्हायची. का, हे मी कधी विचारलं नाही. त्याच लुगड्याची एक पट्टी फाडली आणि परकराच्या आतून, बेंबीच्या वर, कायमची बांधायला लागले. घरात कोणालाही ती पट्टी माहीत नव्हती.

निदानाचा दिवस

गेल्या वर्षी उन्हाळ्यात घडीतली जखम चिघळली म्हणून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, औषधानं भरेल, पण घडी आहे तोवर दर उन्हाळ्यात येईल. त्यांनी मला प्लास्टिक सर्जरीच्या विभागात पाठवलं. मला वाटलं चुकून दुसऱ्याच कोणाचा कागद माझ्या हातात आला. आमच्याकडे प्लास्टिकची फक्त भाजीची कॅरेट असतात.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी कागदावर एक गोल काढला, ती बेंबी. गोलाच्या बऱ्याच खाली एक आखूड रेघ काढली. "हे मिनी. बेंबीच्या खालचं जादा कातडं काढायचं, खालचे स्नायू घट्ट करायचे, बेंबीला हात लावायचा नाही." मग त्याच कागदावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लांब रेघ ओढली. "हे पूर्ण. बरगडीपासून खालपर्यंत स्नायू शिवायचे आणि कातडं खाली ओढलं की बेंबीला नव्या जागी भोक करायचं."

बेंबीला नव्या जागी भोक! ती काय भिंतीतली खुंटी आहे? मी आखूड रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हेच करा."

"आधी पाहू तर द्या," मॅडम हसल्या.

मी टेबलावर झोपले. सोबत शिकणाऱ्या दोन मुली उभ्या होत्या. मी परकर सैल करून खाली सरकवला, पण वरची पट्टी सोडली नाही. "हे काय बांधलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाठीसाठी आहे मॅडम, राहू द्या." बाहेर रांग होती, आतमध्ये मी पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मॅडमनी खालचं पोट पाहिलं, सिझरचा व्रण पाहिला. म्हणाल्या, "फक्त खालचंच असेल तर मिनी चालेल. पण वरचं पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. सोनोग्राफी करून या, आणि पुढच्या वेळी हे सोडून या."

त्या एवढं सगळं बोलल्या. मला ऐकू आलं ते फक्त "मिनी चालेल".

पंधरा दिवसांचा हिशेब

घरी येऊन मी जाहीर करून टाकलं: हर्निया आहे, छोटं ऑपरेशन, पंधरा दिवसांत वाडीत. पोळ्याच्या आधी करून घेऊ म्हणजे वांग्याच्या हंगामाला मी मोकळी. आमचे हे कमी बोलतात. त्यांनी "पंधराच ना?" असं विचारलं आणि विहिरीवरची मोटार सुरू करायला निघून गेले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. "हर्निया म्हंजे आतडं उतरलं का वं?" त्यांनी विचारलं. मी "तसंच काहीसं" म्हणून आत सटकले.

ते चार दिवसही टिकलं नाही. दवाखान्याचा कागद वाचलेली एक मुलगी जेवताना बोलून गेली, "आजी, हर्निया नाई, टमी टक. जादा पोट कापून टाकतात." आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"कापून टाकतेत? पतली व्हाले?"

"नाई आत्याबाई, ते पाठीसाठी..."

"पाठ मांगं असते बाई. पोट समोर." त्यांनी पाणी प्यायलं आणि ताट सरकवलं. "लेकी लग्नाच्या झाल्या अन् मायले आता नटाचं हाय. गावात कोनाले सांगजो नोको, आपलंच हसं होईन."

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मला त्यांचा राग आला, आणि त्या म्हणतात ते खरं असेल की काय या विचारानं स्वतःचाही आला. मला सुंदर दिसायचं होतं का? थोडंसं होतं. बसमध्ये मला कोणी जागा देऊ नये एवढं तरी होतं.

मुलीच्या मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला. उताणं झोपायचं, गुडघे मोडायचे, डोकं उचलायचं आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवायची. मी दार लावून करून पाहिलं. बेंबीच्या खाली जेमतेम एक बोट गेलं. बेंबीच्या वर चार बोटं सरळ आत गेली, आणि बरगडीपासून बेंबीपर्यंत एक उभा उंचवटा वर आला, चादरीखाली लाटणं ठेवल्यासारखा. मी डोकं खाली टाकलं. तो गेला. पुन्हा उचललं. पुन्हा आला.

उठले आणि थेट वाडीत गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदा, दुपारी एकदा. भाकरी तव्यावर टाकून यायची, झोपून डोकं उचलायची, परत जाऊन भाकरी उलटायची. एकदा भाकरी जळली. मी श्वास रोखून तो उंचवटा दाबायचा सरावही केला. काय म्हणजे, डॉक्टरांना फसवायचा सराव! सोनोग्राफीची तारीख दोनदा चुकवली. एकदा बस चुकली म्हणून सांगितलं, एकदा भेंडी निघाली म्हणून.

मला सगळं कळत होतं. वर चार बोटांची फट असताना खालून आखूड रेघ मारून पाठ थांबणार नव्हती. पण पूर्ण ऑपरेशन म्हणजे तीन महिने ओझं उचलायचं नाही. तीन महिने मी ओसरीवर बसायचं आणि वर्षानं बाजार करायचा. आंजीचा बाजार, वर्ध्याची मंडी, सगळं सतरा वर्षं मी सांभाळलेलं. गिऱ्हाइकं मला नावानं ओळखतात. मी बसले आणि तरीही सगळं नीट चाललं तर? मग मी कशाला लागते, असं कोणी तोंडावर म्हटलं नसतं, पण मला दिसलं असतं. खरी भीती ही होती, आणि ती मी कोणालाही सांगितली नव्हती.

बाजारात

एका बाजाराच्या दिवशी टेम्पोतून वांग्यांचं कॅरेट उतरवताना बेंबीपाशी काहीतरी सटकलं. आतून बाहेर. दुखलं असं की तोंडातून आवाजही निघाला नाही. मी कॅरेट न पाडता खाली ठेवलं, मालाची सवय, आणि टेम्पोच्या मागे मटकन बसले.

वर्षा धावत आली. तिनं ताडपत्री ओढून आडोसा केला आणि माझं न ऐकता परकराच्या आतली पट्टी सोडली. पट्टीखालच्या कातडीवर दोर बांधल्यासारखे वळ उठले होते. बेंबीतून बोराएवढी गाठ वर आली होती आणि तिच्या वरचं पोट मी श्वास घेतला की तंबूसारखं उठत होतं.

"अवो माय! ताई, हे काय हो?"

"काही नाई. जाईन."

"डॉक्टरनीले दाखवलं का हे?"

"नाई."

"काऊन?"

"दाखवलं तं मोठं ऑपरेशन सांगन."

वर्षाचे वडील सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचे. "म्हंजे पंक्चर वर हाय अन् तुमी ठिगळ खाली लावून घेऊन राह्यल्या?"

मला इतकं लागलं ते की मी जे बोलू नये ते बोलले. "तुले काय होते? मी बसली तं बाजार तुह्याच हातात येईन. तुले तं पाह्यजेच हाय."

वर्षानं पट्टीची घडी घातली, माझ्या डोक्याखाली रिकामं पोतं दिलं. मग तिचा आवाज चढला. "बाजार पाह्यजे? मले? गिऱ्हाईक घासाघीस कराले लागलं का मले घाम फुटते ताई. मले वाडी आवडते. तुमी तीन महिने बसल्या तं मी रोज रडत इथं येईन, माहीत हाय का? पन येईन."

ती आडोशाबाहेर गेली आणि पहिलंच गिऱ्हाईक आलं. मी पोत्यावर पडून ऐकत होते. बाई म्हणाली, "एवढ्याले नाई परवडत." वर्षानं लगेच भाव पाडला. बाई म्हणाली, "अजून थोडे टाक." वर्षानं टाकले. वर मूठभर सांबार फुकट दिला. माझ्यानं राहवेना. मी ताडपत्रीआडून ओरडले, "वर्षा! वांगे इकून राह्यली का लग्नाचे लाडू वाटून राह्यली?" बाजारातले दोघंतिघं दचकले. वर्षा हसायला लागली, मला हसताना बेंबीत कळ आली, आणि हसता हसता मी तिला म्हटलं, "उद्या चाल माह्यासंगं."

पट्टी सोडून

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घरीच ठेवून गेले. बसमध्ये पुन्हा कोणी जागा देऊ लागलं, मी खुशाल बसले. सोनोग्राफी झाली, मग मॅडमसमोर झोपले, न सांगता डोकं उचललं आणि म्हटलं, "बघा."

त्यांनी बोटं ठेवली, शिकणाऱ्या मुलींनाही ठेवायला लावली. फट किती, बेंबीचा हर्निया किती, ते सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिनी केलं असतं तर खालचं सपाट झालं असतं. वरचं आणखी उठून दिसलं असतं, पाठही तशीच राहिली असती. पण शरीर तुमचं आहे. पूर्णचा व्रण लांब राहील, त्रास जास्त दिवस होईल. तुम्हाला यातून काय हवंय?"

सतरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला कॅरेट उचलायचं आहे."

"मग आधी तीन महिने उचलायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी लांब रेघेच्या कागदावर सही केली. बाहेर आल्यावर वर्षानं बाटलीतलं पाणी दिलं. घरी मी यांना खरं काय ते सगळं सांगितलं. हे गोठ्याच्या दारात उभे होते, म्हणाले, "मले पह्यलेच सांगाचं ना वं. मी काय नाई म्हटलं असतं?" नसतं म्हटलं. मी विचारलंच नव्हतं.

दवाखान्यातले दिवस

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी मला उभं करून पोटावर पेनानं रेघा मारल्या. मी आरशात पाहिलं आणि वाटलं, अजूनही पळून जाता येईल. परकर हातात घेऊन दोनदा खोलीबाहेर आले, दोनदा परत गेले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता तुमच्या फेऱ्यांनी मलाच चक्कर यायला लागली."

शुद्धीवर आले तेव्हा पोटावर कोणी जातं ठेवलंय असं वाटलं. दोन बाजूंनी दोन नळ्या निघून डब्यांत लाल पाणी जमत होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे हलायचं नाही, हा हुकूम. उशा देऊन पाय वर, डोकं वर, मी मध्ये घडी घातलेली. सकाळी सहाला अंग पुसणं, मग चहा, मग डब्यातलं पाणी मोजणं, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. ते काहीच नाही मला सोसत नव्हतं. मी पंख्याची पाती मोजली, पाती तीनच होती.

दुसऱ्या दिवशी चालवलं. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून चालायचंच, पण सरळ उभं राहायचं नाही, टाके ओढतात. डब्यांची पिशवी गळ्यात अडकवून, कमरेत वाकून मी व्हरांड्यात फिरत होते. शेजारच्या खाटेवर आष्टीकडची एक म्हातारी होती, तिच्या पायावर कातडी लावली होती. तिनं विचारलं, "तुले काय झालं वं?" मी हर्निया म्हणणार होते. पण म्हटलं, "पोट फाकलं होतं मावशी, जादा कातडं काढून शिवून घेतलं."

"बरं केलं," म्हातारी म्हणाली आणि तिनं मला अर्धं केळं दिलं. एवढंच. मी ज्या वाक्याला महिनाभर घाबरत होते, ते असं केळ्यावर मिटलं.

खोकला आला तर उशी पोटाला दाबायची, हे तिथल्या सिस्टरनी शिकवलं. शिंकेला मात्र काही उपाय नाही.

ओसरीवर

घरी आले तर यांनी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ठेवल्या होत्या. मला सपाट झोपायचं नव्हतं, हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. त्या विटांवर मी तीन आठवडे झोपले.

पहिले दहा दिवस मी वाकूनच चालले. गावातल्या बाया भेटायला यायच्या आणि आत्याबाई दारातच सांगायच्या, "हर्निया हाय, हर्निया." पोळ्याच्या दिवशी आमचे बैल सजून पुढे गेले, मी दाराची चौकट धरून पाहिलं. वर्षानं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं, पण वजन नको म्हणून खालून स्वतः धरून ठेवलं.

मग मी मूर्खपणा केला. पाचव्या आठवड्यात बरं वाटत होतं. घरात कोणी नव्हतं आणि पाण्याचा भरलेला हंडा उंबऱ्यात, ऐन वाटेत ठेवलेला. तो मी उचलला. संध्याकाळपर्यंत पोटाच्या खालच्या बाजूला पाण्याची पिशवी हलावी तसं हलायला लागलं. दवाखान्यात सुई घालून ते पाणी काढलं, आठ दिवसांनी पुन्हा काढलं. मॅडम तेव्हा मात्र रागावल्या. हे वाचणाऱ्या बाईनं तो हंडा तसाच वाटेत राहू द्यावा, कोणीतरी उचलतंच.

पोळा झाल्यावर पट्ट्या कमी झाल्या तेव्हा मी पहिल्यांदा व्रण नीट पाहिला. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, जांभळा. बेंबी नवी, लहान, माझी नसल्यासारखी. खालचं कातडं बधिर, हात लावला तर दुसऱ्याच कोणाला लावल्यासारखा. मला वाटलं होतं आनंद होईल. मी दिवसभर चिडचिड केली, मुलीला विनाकारण बोलले, जेवले नाही. असे बरेच दिवस गेले. ऑपरेशन झालं की सुटलं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यांना मारलं असतं.

बाजाराहून आली की वर्षा मला रोज हकिकत सांगायची. पहिल्या आठवड्यात ती खरोखर रडत आली. चौथ्या आठवड्यात तिनं एका मोठ्या व्यापाऱ्याला भावावरून परत पाठवलं, आणि ते सांगताना तिचे डोळे चमकत होते. माझ्या मनात कळ उठली, नाही म्हणणार नाही. मग मी विचारलं, "मंग आला का तो परत?" "आला ना," ती म्हणाली. मला आनंदही झाला. दोन्ही एकदमच झालं.

तीन महिन्यांनी मॅडमनी परवानगी दिली. आता बाजार आम्ही दोघी वाटून करतो. मी कॅरेट उचलते, हळू, गुडघ्यात बसून, अर्धं भरलेलं. पाठ अधूनमधून बोलते, पण ओरडत नाही. हा उन्हाळा घडीशिवाय गेला.

गेल्या महिन्यात

दुपारी घरात मी आणि आत्याबाई दोघीच होतो. मी भेंडी निवडत होते. आत्याबाई आल्या आणि त्यांनी आतून दाराला कडी घातली. मला वाटलं काही भांडण काढायचं आहे.

त्या माझ्या खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, "तुह्यं पह्यले कसं दिसे वं? आंगाले?"

"कसं म्हंजे?"

त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि लुगडं सोडून पोट उघडं केलं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या घोट्याच्या वर काही पाहिलं नव्हतं. मी भेंडीची सुपली बाजूला ठेवली.

"डोकं उचला जरा, आत्याबाई."

त्यांनी उचललं. बरगडीपासून खालपर्यंत उंचवटा उठला, माझ्याहून मोठा. मी बोटं ठेवली. चार बोटं पुरली नाहीत, हात आडवा ठेवावा लागला.

"दुखते का?"

"पाठ दुखते. वाकली का काही तरी बाहेर येते. माह्या सासूनं सांगितलं वायगोळा हाय, मी तेच समजून राह्यली." त्या छताकडे बघत बोलत होत्या. "तुह्या सासऱ्याले बी नाई दिसू देलं कधी. कापाले लावतेत का मले?"

"नाई. जबरदस्ती नाई करत कोनी. पन दाखवून येऊ. बाई डॉक्टर हाय."

"टाके नाई घालत मी या वयात."

"नका घालू. नुसतं दाखवू. मी येते संगं."

माझा हात अजून त्यांच्या पोटावर होता, आणि त्यांची मान उचललेलीच होती, थरथरत होती. मी म्हटलं, "ठेवा आता डोकं खाली, आत्याबाई. पाह्यलं मी."

"अजून जरासं पाह्य," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत कोनंच पाह्यलं नाई."